जिताड्यांचा उपास

शनिवारी दुपारी रावसाहेब सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आपल्या घरी आले तेव्हा त्यांच्या एका हातात ताणकाटा होता आणि दुसऱ्या हातात तांदळाची दहा किलोची पिशवी. दारात चपला काढून त्यांनी पायपुसण्यावर आधी टाचा घासल्या, मग बोटं. हर्षा सोफ्यावर वाचत बसली होती. आधी वास यायचा आणि मग बाबा यायचे, हे तिच्या लहानपणापासूनचं. खारं पाणी, डिझेल, माशांच्या खाद्याचा तेलकट दर्प, आणि त्या सगळ्याखाली भिजून कुजलेल्या दोरखंडासारखं काहीतरी. पुस्तकातून मान वर न काढता तिनं श्वास आखडून घेतला. इतकी वर्षं ती हे करत होती, की आपण करतोय हे तिच्या लक्षातही येत नसे.

"अहो, सरळ न्हाणीत जा," हिराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आणि ते काय आहे ते पेपरवर ठेवा. फरशीला लागलं तर आठ दिवस जात नाही."

"जातो की. आधी एक काम."

त्यांनी न्हाणीच्या दारावरच्या हुकाला ताणकाटा अडकवला आणि त्याला तांदळाची पिशवी लटकवली. काटा हलत हलत थांबला. रावसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळा तबकडीजवळ नेला.

"दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करून आणलीय. पिशवीसकट दहा किलो चाळीस ग्रॅम. आणि हा म्हणतो दहा दोनशे." पेचकसानं मागचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून त्यांनी पुन्हा पाहिलं. "उद्या दोनशे माणसं माझ्या तोंडाकडं बघणार. काट्यानं तरी खोटं बोलू नये."

"तुम्ही बोलाल का?" हिराबाई म्हणाल्या. "मासळीवाला कमी तोलतो म्हणून त्याच्याशी भांडून बाजारात मला मान खाली घालायला लावता."

रावसाहेब हसले आणि न्हाणीत गेले. आतून लिंबाच्या फोडी हातावर घासल्याचा आवाज येत राहिला.

रावसाहेब किसन भालेराव मूळचे परभणीकडचे. रत्नागिरीत मासेपालन शिकले, वीस वर्षांपूर्वी सिंगापूरच्या एका मत्स्यबीज केंद्रात नोकरीला आले आणि निवृत्तीनंतरही समुद्र सोडवेना म्हणून पुलाउ उबीन बेटाजवळ आह सेंग या चिनी मासेपालकाच्या तराफ्यावर जायला लागले. तराफा म्हणजे निळ्या पिंपांवर ठोकलेल्या फळ्या, मध्ये चौकोनी खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीखाली पाण्यात सोडलेलं जाळं. जाळ्यात जिताडे. आह सेंग या माशांना इंग्रजी नावानं ओळखायचा, रावसाहेब जिताडेच म्हणायचे. हर्षा बुओना व्हिस्टा भागातल्या एका संशोधन संस्थेत होती. बाबा काय करतात असं कुणी विचारलं, तर ती 'सल्लागार आहेत' म्हणायची. कसले सल्लागार, ते सांगत नसे.

त्या वर्षी नवा कायदा आला होता. वस्तीतल्या मंडळांना लोकोपयोगी कामासाठी तिकिटं विकून अंदाजाची स्पर्धा घेता येईल, मात्र ती इथल्या मासेपालनाशी जोडलेली हवी. तोवर असलं काही केलं तर तो जुगार ठरत असे. संस्थेतला हर्षाचा वरिष्ठ शैलेंद्र हा तिथल्या मराठी मंडळाचा सचिव. असली परवानगी काढणारं आपलं पहिलंच भारतीय मंडळ, हे तो लिफ्टमध्ये भेटणाऱ्यालाही सांगायचा. आह सेंगच्या एका जाळ्यातल्या जिताड्यांचं एकूण वजन ओळखायचं. जवळचा आकडा सांगणाऱ्याला क्रूझची सफर, जमलेली रक्कम तराफ्यांवरच्या कामगारांच्या औषधपाण्याला. वजन करणारा माणूस मंडळाबाहेरचा आणि तिकीट न घेतलेला असावा, असा नियम होता, म्हणून ते काम रावसाहेबांकडे आलं होतं. रावसाहेबांनी नियमांची आठही पानं फूटपट्टी धरून वाचली होती. मासे तोलण्याआधी मेले तर स्पर्धा रद्द आणि प्रत्येकाचे पैसे परत, या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

पाचच्या सुमाराला शैलेंद्र आला. मंडळानं दुपारी मुलांना तराफा दाखवायला नेलं होतं, तिथून हर्षाच्या मुलीला, पूर्वीला, सोडायला. हर्षाचा नवरा प्रीतम त्या आठवड्यात कामासाठी जकार्ताला होता. पूर्वी आठ वर्षांची. ती आत आली ती थेट आपल्या खोलीत पळाली.

"अंकल, तयारी?" शैलेंद्र दारातच उभा राहिला. नाकपुड्या किंचित हलल्या, मग त्यानं हसू आणलं.

"काटा तयार आहे. मासे उपाशी आहेत ना? शुक्रवारपासून खाद्य बंद केलंय मी. पोरांनी काही टाकलं नाही?"

"छे, छे. लांबूनच दाखवले."

"आह सेंग होता?"

"तो बर्फ आणायला चांगीला गेला होता. पण मी होतो ना." शैलेंद्रनं कागद काढला. "दोन सह्या. वरची नेमणूक मान्य म्हणून. खालची निकालाची."

रावसाहेबांनी वरची सही केली. नेहमीसारखी पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग पेन खाली ठेवलं. "खालची उद्या. आकडा लिहिल्यावर."

"अहो, उद्या गर्दीत कुठे कागद, कुठे पेन. पाण्यात पडला म्हणजे? आकडा तुमच्यासमोरच भरीन."

"मग सहीपण तुमच्यासमोरच करीन."

शैलेंद्र हसला, पण हर्षाकडे बघून. सोमवारी सकाळी साडेनऊला याच माणसासमोर तिला तिच्या प्रकल्पाचा अहवाल ठेवायचा होता.

"बाबा, करा ना," ती म्हणाली. "एवढं काय आहे त्यात."

रावसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट ऐकू आलं की नाही याची खात्री करावी तसं. मग त्यांनी पेन उचललं आणि कोऱ्या आकड्याखाली सही केली. 'किसन' लिहिताना त्यांचा हात जरा थांबला, एवढंच.

शैलेंद्र गेल्यावर हर्षा पूर्वीच्या खोलीत आली. मुलीनं फ्रॉक काढून पलंगाखाली कोंबला होता. हर्षानं तो ओढला आणि वास नाकात गेला. खिशात तपकिरी गोळ्या होत्या, मूठभर, ओलसर, अस्तराला चिकटलेल्या.

"हे काय आहे, पूर्वी?"

"फिश फूड."

"कुणी दिलं?"

"शैलेंद्र अंकल. एव्हरीबडी गॉट वन फुल प्लास्टिक मग. सो फन, ममी, दे ऑल जंप!" मग तिनं आवाज खाली आणला, इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावत. "अंकल सेड डोंट टेल आजोबा, लाह. ही विल स्कोल्ड."

"किती जण होता तुम्ही?"

"मेनी. ट्वेंटी, थर्टी."

बाहेर रावसाहेब हिराबाईंना सांगत होते. हर्षाला भिंतीआडून शब्द न् शब्द ऐकू येत होता. "पोट रिकामं हवं. भरल्या पोटाच्या माशाला हवा दुप्पट लागते. आणि उद्या भांगाचं पाणी, मंद भरतीचं, ओढ नाही त्याला. जाळं वर घेतलं, दाटी झाली, की गुदमरतो बघ. म्हणून उपास."

"माशांना उपास घडवणारे तुम्हीच," हिराबाई म्हणाल्या. "मला कधी एकादशी करू दिली नाहीत."

दोघं हसले. हर्षा फ्रॉक हातात घेऊन उभी राहिली. आता बाहेर जाऊन सांगितलं की बाबा फोन लावणार. आह सेंगला, शैलेंद्रला. उद्याचं सगळं पुढे ढकला म्हणणार. दोनशे माणसं, बोटी, पाहुणे. आणि सोमवारी साडेनऊ वाजता ती शैलेंद्रसमोर बसणार. एका मगानं काय होणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. तीस मग होते हे ती त्याच वेळी विसरली.

तिनं गोळ्या कागदात गुंडाळून भिंतीतल्या, कचरा खाली सोडायच्या झडपेत टाकल्या. खिसा उलटा करून साबणानं दोनदा धुतला. बोटांना वास राहिला, म्हणून बाबांनी ठेवलेली लिंबाची फोड घेतली. जेवताना रावसाहेब म्हणाले, "आज तूपण लिंबू लावलंस काय?" ती म्हणाली, "हो, कांदा चिरला होता."

रविवारी सकाळी रावसाहेब आणि हर्षा चांगीच्या धक्क्यावरून बोटीत बसले. पाणी तेल सांडल्यासारखं सपाट होतं. वाऱ्याचा मागमूस नाही. बोट तराफ्याजवळ आली तसे रावसाहेब बसल्या जागचे उठून उभे राहिले.

"जाळं कुणी वर घेतलं?"

पाहुण्यांना मासे दिसावेत म्हणून शैलेंद्रनं पहाटेच कामगारांना जाळं वर ओढायला लावलं होतं. दीडएक तास झाला होता. अडीच मीटर खोल जाळ्याची आता गुडघाभर खोल झोळी झाली होती. आत जिताडे एकमेकांवर चढत होते. तोंडं पाण्याबाहेर. उघडत होती, मिटत होती, आवाज न करता. कडेला काही उलटे झाले होते, पांढरी पोटं वर करून. कुणी तरी फोटो काढत होतं.

"सोडा! जाळं खाली सोडा!" रावसाहेब फळ्यांवरून धावले. "आह सेंग, पंप! व्हेअर इज द पंप?"

"पंप ऑन ऑलरेडी," आह सेंग ओरडला. तो सत्तरीचा होता, उघडा, खांद्यावर ओला टॉवेल. "नो यूज, राव. दे ईट. आय सी द वॉटर. दे ईट!"

"अंकल, दहा मिनिटं," शैलेंद्र मध्ये आला. "प्रमुख पाहुणे बोटीत आहेत. आता सोडलं तर परत ओढायला तास लागेल."

रावसाहेबांनी त्याच्या बाजूनं हात घालून दोरीची गाठ सोडली. जाळं खाली गेलं, पण त्यातले निम्मे मासे खाली गेले नाहीत. ते तसेच तरंगत राहिले. अर्ध्या तासात ऊन चढलं आणि वास सुटला. मेलेल्या जिताड्यांच्या तोंडातून तपकिरी लगदा बाहेर येऊन पाण्यावर पसरला. त्यावर बुडबुडे, त्यावर माशा. मंडळाच्या बायकांनी पदर आणि रुमाल नाकाला लावले. एका माणसानं कडेला जाऊन ओकारी काढली, आणि ती वाहून न जाता तिथेच फिरत राहिली. एवढं होऊनही डब्यातला उपमा वाटणं चालूच होतं.

रावसाहेब सदरा काढून जाळ्यात उतरले. मेलेले बाहेर काढले नाहीत तर जिवंत आहेत तेही जातील, एवढंच ते म्हणाले. जाळ्याच्या आडव्या दोरावर पाय रोवून, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून, एकेका माशाला दोन्ही हातांनी, पोटाखाली हात घालून उचलायचे आणि फळीवर ठेवायचे. फेकत नव्हते. दोन-दोन, तीन-तीन किलोचा मासा. चाळीस झाले, साठ झाले. लगदा त्यांच्या छातीच्या पांढऱ्या केसांत अडकला, गळ्याला लागला, चष्म्यावर उडाला. त्रेसष्ट वर्षांची पाठ दर खेपेला अधिक वाकत होती. हर्षा फळीच्या टोकाला उभी होती. हाताची पालथी बाजू तिनं नाकाला दाबून धरली होती.

मध्येच ते थांबले. आह सेंगकडून सुरी घेऊन त्यांनी एका माशाचं पोट चिरलं. आतून गोळ्या बाहेर पडल्या. फुगलेल्या, जशाच्या तशा.

"कुणी चारलं?" रावसाहेबांनी विचारलं. मोठ्यानं नाही. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शैलेंद्र घड्याळाकडे बघत होता. मग त्यांची नजर हर्षावर आली आणि पुढे गेली, कारण तिच्यावर थांबायचं त्यांना काही कारणच नव्हतं. हर्षानं तोंड उघडलं होतं. वास आत गेला आणि तिनं ते मिटलं.

"ते जाऊ द्या," शैलेंद्र म्हणाला. "वजन तर होईल ना? नियमात मासे म्हटलंय. हे मासेच आहेत."

"जिवंत म्हटलंय. तोलण्याआधी मेले तर स्पर्धा रद्द. तिसरं पान."

"अंकल, मंडळाची अब्रू जाईल. पहिल्यांदा परवानगी मिळालीय. पैसा चांगल्याच कामाला जाणार आहे की." त्यानं रुमाल नाकावरून काढला नाही. "आणि हे काट्यावर चढवायचं कुणी? आमच्यातलं कुणी हात लावणार नाही. तुम्हीच चढवा. तुम्हा लोकांना सवय असते."



रावसाहेबांचे वडील गावात मेलेली ढोरं ओढायचे. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम टाकलं आणि गावानं वर्षभर त्यांना दाणे दिले नाहीत, तरी पुन्हा धरलं नाही. हे हर्षानं शंभरदा ऐकलं होतं. बाप मेलेल्याचं करायचा, मी जित्याचं करतो, असं बाबा सांगायचे आणि सांगताना ताठ बसायचे.

"सवय माझ्या बापानं मोडली," रावसाहेब म्हणाले.

ते वर आले. खांबाला लावलेला ताणकाटा त्यांनी काढला, सदऱ्यानं पुसला आणि छातीशी धरून उलट्या टोपलीवर बसले. "हर्षा, पाणी दे गं," म्हणाले. ती बाटली घेऊन येईपर्यंत त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी बाटली धरली, पण झाकण फिरेना. मग ते तसेच कडेला कलले, मेलेल्या माशांच्या ढिगावर.

आह सेंगनं आणि तिनं त्यांना बोटीत घातलं. बोटीत तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. आह सेंग त्यांच्या छातीवर दाब देत होता आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी रडल्यासारखं बोलत होता. ताणकाटा रावसाहेबांच्या पोटावर होता, हूक बोटांत अडकलेला. चांगीचा धक्का यायच्या आधीच सगळं आटोपलं होतं. दवाखान्यात नर्सनं काटा सोडवून एका पिशवीत घालून हर्षाच्या हातात दिला.

तीन दिवसांनी मंडळाचं पत्रक आलं. एकूण वजन चारशे बारा किलो सहाशे ग्रॅम. विजेते बुओना व्हिस्टाचे रवींद्र आणि संजीवनी. खाली वजनकर्त्याची सही, रावसाहेब किसन भालेराव. हिराबाईंनी सहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे केलं त्यांनी काम पुरं." हर्षा न्हाणीकडे वळली. न्हाणीच्या दारावर ताणकाटा लटकत होता. तिनं तो घासला नव्हता, त्याला वास येत होता.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांच्या इमारतीच्या खाली, मोकळ्या जागेत, रावसाहेबांच्या श्रद्धांजलीचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी रावसाहेबांचा, पांढऱ्या सदऱ्यातला. मंडळाचे लोक आले होते, इस्त्रीचे कपडे घालून. आह सेंग मागे एकटा बसला होता, कॉलरचं बटण लावून. सगळ्यांनी उभं राहून हात जोडले. पंचशील झालं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, शैलेंद्रचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता.

मग तो बोलायला उठला. रावसाहेब अंकल म्हणजे निष्ठा. अखेरच्या क्षणापर्यंत ते काट्याजवळ उभे होते. शेवटचा मासा तोलूनच त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या सहीचा कागद मंडळानं फ्रेम करून आणला आहे. विनीता, त्याची बायको, सोनेरी कागदातली फ्रेम घेऊन पुढे आली आणि ती हिराबाईंच्या हातात ठेवली. हिराबाईंनी ती पदरानं पुसली. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे न कळून दोघाचौघांनी वाजवल्या.

या वेळी हर्षानं श्वास आखडला नाही. उठली, आईच्या हातातली फ्रेम काढून घेतली आणि टेबलावर उलटी ठेवली.

"बसा, शैलेंद्र," ती म्हणाली.

"हर्षा, मी समजू शकतो, पण—"

"बसा म्हटलं ना. बाबांनी एकही मासा तोलला नाही. तोलायला नाही म्हणाले. काटा बोटीत त्यांच्या पोटावर होता, आता वर घरी आहे. तुम्ही चारशे बारा किलो कशावर तोललंत?"

वरच्या मजल्यावरून वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी ठिबकत होतं.

"आणि सही आदल्या दिवशीची आहे, कोऱ्या कागदावरची. ते नको म्हणत होते. मी करायला लावली." ती आईकडे वळली. हिराबाईंचे हात फ्रेम धरल्यासारखे तसेच होते. "आई, माशांना यांनी पोरांकडून खाद्य चारवलं. पूर्वीच्या खिशात गोळ्या होत्या. शनिवारी संध्याकाळी मला सापडल्या. तुम्ही दोघं बाहेर हसत होतात, आणि मी आत खिसा धूत होते. बाबांनी तराफ्यावर विचारलं, कुणी चारलं. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

"हर्षा," हिराबाई म्हणाल्या.

ती आता फोटोकडे बघत होती.

"बाबा, तुमचा वास मला कधी सहन झाला नाही. लोकांना तुमचं काम सांगायची मला लाज वाटायची. त्या घाणीत तुम्ही एकटे उतरला होता, आणि मी नाक दाबून उभी होते."